पालटाची फेरी

२०४१ सालच्या चैत्रात, तांबजाईच्या जत्रेच्या दिवशी, माझी भाची ओजस्वी शेडगे सायकलवरून पडली. उतारावर पडली असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती सपाट जागेवर पडली. देवळापुढच्या मैदानात, जिथे बाप मागून सीट धरतात आणि पोरं पहिल्यांदा पायडल मारायला शिकतात, तिथे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि डोंगरउताराच्या शर्यतीत देशात पहिली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, आक्का, झालं ते झालं, आता राग सोडा. मी पाटणच्या मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. एखादी गोष्ट घडली तर ती कशामुळे घडली हे विचारायचं असतं, एवढंच मी मुलींना परत परत सांगत आले. तेव्हा राग मी सोडलेला नाही. सांभाळून ठेवला आहे.

तांबजाईचा डोंगर पाटणच्या वरच्या अंगाला आहे. माथ्यावर देवीचं देऊळ, देवळापुढे मैदान, आणि मैदानाच्या कडेपासून थेट ओढ्यापर्यंत जाणारी उतरण. आधी लाल मुरूम, मग कातळात खोदलेल्या जुन्या पायऱ्या, मग कारवीचं रान. जत्रेत ह्या उतरणीवर सायकलींची शर्यत लागते. माझ्या तरुणपणी काळ्या, चोवीस इंची, दांड्यांचे ब्रेक असलेल्या सायकली असत. कॅरिअर आणि मडगार्ड काढून टाकलं की झाली शर्यतीची सायकल. १९८६ साली मी वडिलांची सायकल घेऊन उतरले होते, सलवारीचे पाय सुतळीने बांधून. त्या वर्षी उतरलेली मुलगी मी एकटीच. पायऱ्यांवर दात इतके वाजले की खाली पोचल्यावर मला बोलता येईना. वडिलांनी आधी चाकाचा आऊट, म्हणजे चाक वाकडं फिरतंय का ते, तपासलं आणि मग माझा गुडघा. मला वाईट वाटलं नाही, आमच्या घरात क्रम तोच होता.

ह्या शर्यतीत एक रीत आहे, तिला पालट म्हणतात. माझ्या लहानपणी एका वर्षी मुंबईहून आलेल्या पोराने गिअरची सायकल आणली आणि तो जिंकला. मग सायकल जिंकली की पोरगा जिंकला ह्यावरून मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली. तेव्हापासून गावाने ठरवलं: शर्यतीच्या आधी सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याची चिठ्ठी येईल त्याच्या सायकलवर बसून मैदानाला एक फेरी मारायची, आणि सायकल परत देताना 'बघितली' म्हणायचं. एकदा बघितली म्हटलं की मग हरल्यावर सायकलला दोष द्यायचा नाही. पालट झाला की तोंड बंद.

मला ही रीत फार आवडायची. दुसऱ्याच्या सायकलवर बसलं की आधी अंग गांगरतं. हँडल रुंद वाटतं, सीट टोचते, ब्रेक उशिरा लागतो. अर्ध्या फेरीत अंग जुळवून घेतं. हे जुळवून घेणं म्हणजेच सायकल येणं, असं मी अजून मानते.

ओजूची आई ती लहान असतानाच गेली. धीरू, म्हणजे रणधीर, तिचा बाप आणि माझा धाकटा भाऊ. तालमीत वाढलेला, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटलेली, आणि कुस्ती सुटली तरी तालीम न सुटलेली. मी लग्न केलं नव्हतं, शेजारीच राहत होते. पोर आम्हा दोघांत वाढली. ती उतरणीवर वेड्यासारखी उतरते हे कळल्यावर तिच्यासाठी पहिली खरी डोंगरी सायकल जुळवायची ठरली, आणि माझं नि धीरूचं भांडण सुरू झालं.

धीरूचं म्हणणं, फ्रेम एक माप मोठी घ्यायची. वाढतं अंग आहे.

"तो काय शाळेचा गणवेश आहे का, खालून दुमडून ठेवायला?" मी म्हटलं.

"दोन वर्षांत लहान पडंल, मग परत खर्चात पाडशील."

"मोठ्या फ्रेमवर तिचे हात ताणले जातील. पुढच्या चाकावर भार येणार नाही आणि ते वळणावर सरकेल. मग दोन वर्षं लागणारच नाहीत."

चाकांवरून तर आठवडाभर वाद झाला. टीव्हीवरचे सगळे जिंकणारे एकोणतीस इंचीवर, म्हणून धीरूला दोन्ही चाकं एकोणतीसची हवी होती. मी स्वयंपाकघरातून ताट आणि वाटी आणली आणि दोन्ही उभी धरून लाटण्यावरून लोटली. ताट अलगद चढून गेलं, वाटी अडून पडली. मोठं चाक दगडाला कमी चढाने भेटतं, एवढंच त्यात आहे. पण मोठं चाक वळायला जड. आणि उभ्या उतारावर अंग मागे न्यावं लागतं तेव्हा आखूड पायांच्या मुलीच्या मागे ते चाकच आड येतं. म्हणून मी पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस असं ठरवलं. फ्रेम स्टीलची, तडा गेला तर पाटणात जोडता येईल अशी. हँडलची मान आखूड. ओजू सगळा वेळ दारात बसून आंबा खात होती. सायकल उभी राहिली तेव्हा तिने घंटी कुठे आहे एवढंच विचारलं.

त्या सायकलवर ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात तिसरी. आणि २०३८ साली पुण्याची 'सहजगती' नावाची कंपनी आमच्या डोंगरावर आली.

त्यांचा माणूस होता अद्वैत केळुसकर. तिशीतला, सावंतवाडीकडचा, मऊ बोलणारा, कुणाच्याही घरात चप्पल बाहेर काढून सरळ स्वयंपाकघराशी जाऊन पाणी मागणारा. त्याचा राग करणं मला फार जड गेलं आहे. त्याने आणलेल्या सायकलीचं नाव 'संगती'. काळी, साधी दिसणारी. फक्त नळ्या जिथे जुळतात तिथे जाड सांधे होते.

इथे थोडं विज्ञान सांगते. सायकलवर आपला तोल जातो आहे हे डोळ्यांना आणि कानाच्या आतल्या नळ्यांना कळतं. पण ते मेंदूपर्यंत पोचून स्नायू हलेपर्यंत उशीर झालेला असतो, तेवढ्यात माणूस पडेल. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू आधीच अंदाज बांधतो. आता चाक दगडावर चढेल, अंग असं कलेल, तर खांदा आत्ताच तसा वळव. अंदाज चुकला की अंगाला धक्का बसतो, आणि त्या धक्क्यावरून लहान मेंदू पुढचा अंदाज सुधारतो. शरीराचं शिकणं ते एवढंच: चूक, धक्का, दुरुस्ती.

स्नायू हलण्याच्या किंचित आधी त्यात विजेची बारीक लहर येते. संगतीच्या मुठी आणि तिच्याबरोबर येणारे बूट ही लहर वाचत. स्नायू हलायच्या आत फ्रेमला कळे की मुलगी कुठे कलणार आहे. मग सांध्यांतले कृत्रिम स्नायूंचे धागे आखडत किंवा सैल पडत. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा कल बदले, दोन चाकांमधलं अंतर वाढे किंवा घटे, पायडलांचा आस खाली-वर होई. चढावर तीच सायकल आखूड आणि ताठ, उतारावर लांब आणि लवलेली. चाकं दोन्ही एकोणतीसची, पण वळणावर वागायची सव्वीसची असल्यासारखी. माझ्या आणि धीरूच्या भांडणाचा विषयच संपला. धीरू तर फ्रेमवरून हात फिरवत राहिला, जसा तो पूर्वी पैलवानाच्या खांद्यावरून फिरवायचा.

मी केळुसकरला विचारलं की चूक झाली आणि फ्रेमने ती आधीच गिळून टाकली, तर धक्का कुठून बसणार? त्याने मान्य केलं. म्हणाला, प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस साध्या सायकलवर बसा असं आम्ही सांगतो. त्या दिवशी संगती सुरूच होत नाही.

धीरूला हे पटलं नाही. वस्तादाकडे एकदा पोरगा दिला की तो दुसऱ्या तालमीत पाय ठेवत नाही, ही त्याची शिकवण. तिथले डाव इथे मिसळले की पैलवान धड ह्या मातीचा राहत नाही, धड त्या मातीचा. त्याने तालमीचा नियम यंत्राला लावला. साध्या सायकलवर बसली तर सवय मोडेल म्हणून मी जुळवलेली सायकल त्याने मला न विचारता विकून टाकली. वरच्या धनगरवाड्यातली सगुणा झोरे नावाची मुलगी होती, ओजूच्याच वयाची, तिने ती घेतली. आठवड्याच्या मोकळ्या दिवशी ओजू कोणत्याच सायकलवर बसेना. धीरू तिला गाडीतून फिरवी.

कुणाला वाटेल, मग दोष धीरूचा. थांबा.

ओजू जिंकत गेली. राज्यात पहिली, मग देशात. कंपनीचं नाव तिच्या अंगावर, पाठीवर, शिरस्त्राणावर आलं, आणि जत्रेच्या मैदानात कमानीही कंपनीच्या लागल्या. जत्रा कमिटीत मीही होते. केळुसकरने कमिटीला विनंती केली की संगतीवाल्यांना पालटातून सूट द्यावी, कारण ही सायकल एकाच अंगाला ओळखते, दुसरा बसला तर पडेल. मी विचारलं, आणि आमची मुलगी दुसऱ्याच्या सायकलवर बसली तर? तो हसून म्हणाला, "तिला काय गरज आहे, आक्का?" बाकीचे हसले. सूट मंजूर झाली. विरोधात हात माझा एकटीचा.

त्याच सुमारास मला दिसायला लागलं. ओजू घराच्या पायऱ्या आडव्या अंगाने उतरायला लागली, एक हात भिंतीला लावून. सायकलवरून उतरली की होडीतून उतरलेल्या माणसासारखी थोडा वेळ उभी राही. दारापुढची गटार ती लहानपणापासून न बघता ओलांडायची, आता तिथे थांबून खाली बघे, मग पाय टाके. धीरू म्हणाला, बूट नवीन आहेत. ओजू म्हणाली, दमले आहे. मी केळुसकरला फोन केला. त्याने सांगितलं की नव्या आवृत्तीत साध्या सायकलीचा दिवस काढून टाकला आहे. त्या दिवसानंतर खेळाडूंचा वेग थोडा उतरायचा, मग ते तक्रार करायचे, म्हणून संगती आता सातही दिवस चालते. मी पायऱ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, आम्ही लक्ष ठेवून आहोत. तेव्हा मला वाटलं, ओजूवर लक्ष ठेवून आहेत.

मग ती जत्रा आली. मैदानात पालट सुरू झाला. ओजू सूट असलेली, म्हणून कमानीखाली संगतीला टेकून उभी. सगुणा फेरी मारून आली आणि तिच्यापाशी थांबली. सगुणा उंच, काटक, तोंडाची फटकळ. लहानपणापासून दोघी एकमेकींना टोचत आलेल्या, आणि उतरणीवर एकमेकींची वाट बघत आलेल्या.

"काय गं, आता पालटाला पण माणसं ठेवलीस काय?" सगुणा म्हणाली.

ओजू म्हणाली, सूट आहे मला.

"सूट आजारी माणसाला असती. तुला काय झालंय?"

आजूबाजूची पोरं हसली. धीरू पुढे सरकला, पण ओजूने त्याला हाताने थांबवलं. सगुणाने सायकल तिच्यापुढे धरली. तीच, स्टीलची, पुढे मोठं चाक, मागे लहान.

"घे. तुझीच हाय की. मी नुसती मूठ बदललीया."

ओजूच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी विसरणार नाही. आनंद होता तो. तिला ती सायकल परत भेटली होती. ती बसली, पायडल मारलं, आणि दहा-बारा हात गेली असेल. तिथे मैदानात काही नव्हतं. खडा नव्हता, खळगा नव्हता. सायकल डावीकडे कलली आणि ती सायकलबरोबर कलत गेली, झाड कलावं तशी. आणि पडताना माणूस हात पुढे करतो, तो तिने केला नाही. पडतोय हे अंगाला कळलंच नाही. ती गालावर पडली.

सगुणा सगळ्यात आधी पोचली. मी पोचले तेव्हा ती ओजूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मला म्हणत होती की आत्या, मी ढकलली नाही, देवीची शपथ, मी हात पण लावला नाही.

खांद्याचं हाड मोडलं, दोन दात गेले. ते सगळं बरं झालं. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, डोळे तपासले, मेंदूचे फोटो काढले. सगळं शाबूत. मग त्यांनी ओजूला डोळे मिटून उभं केलं आणि हलकेच खांद्याला बोट लावलं. ती उभीच्या उभी कलली. दुसऱ्या डॉक्टरने झेलली. बाई मला म्हणाल्या, तिच्या लहान मेंदूने अंदाज बांधणं सोडून दिलं आहे. ते काम दुसरं कुणीतरी करत होतं. परत येईल का, विचारलं, तर म्हणाल्या, काही येईल, किती ते सांगता येत नाही, कारण अशी माणसं आम्ही आत्ता कुठे बघायला लागलो आहोत.

अशी माणसं. म्हणजे आणखी होती.

केळुसकर घरी आला तेव्हा बाहेरच्या खोलीत तो धरून आम्ही चौघं होतो. ओजू खुर्चीत, गळ्यात अडकवलेला हात. त्याच्या हातात एक डबा होता. डब्यात पट्टा, कमरेला बांधायचा, आणि बूट. संगतीच्या मागचं तेच तंत्र, आता अंगावर घालायचं. पट्टा स्नायूंची लहर वाचेल, बूट तळव्याखाली कलतील, आणि ती पहिल्यासारखी चालेल. हाड जुळलं की संगतीवर बसेल. परदेशातल्या जागतिक शर्यतीसाठीची निवड पावसाळ्यानंतर होती, ती चुकणार नव्हती. पट्टा मात्र झोपेखेरीज काढायचा नाही.

मी त्याला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? तो खोटं बोलू शकला असता. त्याने मान खाली घातली. सांगितलं की दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातला एक मुलगा जिन्यावरून पडला होता, नंतर आणखी दोघं. तेव्हा त्याने वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं की ह्यावर पट्टा तयार करता येईल.

साध्या सायकलीचा दिवस परत आणू असं नाही. पट्टा करू. आधी पाय काढून घ्यायचा आणि मग कुबडी विकायची. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. वर्गात मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी शेजारचे अंगणात येऊन उभे राहिले. केळुसकर ऐकत राहिला. धीरू मात्र मध्ये पडला. म्हणाला, आक्का, झालं ते वाईट झालं, पण पोरगी उभी राहतीया ह्याच्यानं. तिची निवड हाय. तू तिला घरात बसवणार आहेस का?

मी म्हटलं, घरात नाही, सायकलवर बसवणार आहे. सगळं मी मनात जुळवूनच ठेवलं होतं. साडेसत्तावीसची दोन्ही चाकं, लांब चिमट्याचं पुढचं शॉकअप, फुगीर टायर कमी हवेचे. धक्के कमी, भीती कमी. वर्षभरात ती माझ्या नजरेखाली...

"आत्या, थांब." ओजू बोलली. दात नसल्यामुळे शब्द फुटत होते. "बाबांनी एक माप मोठी मागितली. तू ताट-वाटी लोटून चाकं ठरवलीस. ह्यांच्या सायकलनं तर मी ठरवायच्या आत माझं ठरवलं. माझ्या पायाखाली काय असावं हे मला कुणी एकदा तरी विचारलंय का?"

तिने पट्ट्याचा डबा मोकळ्या हाताने केळुसकरकडे सरकवला.

"हा घेऊन जा, दादा. आणि त्या जिन्यावरून पडलेल्या मुलाला सांगा की मी घेतला नाही. त्याला सांगाल ना?"

धीरू उठून बाहेर गेला. तालमीत हरलेला पैलवान जसा कुणाकडे न बघता जातो तसा. मलाही तिने हरवलं होतं.

हाड जुळल्यावर ती सगुणाला घेऊन कराडच्या बाजारात गेली, सगुणाच्या खांद्याला धरून. जुन्या सुट्या भागांतून तिने स्वतः सायकल जुळवली. मी बघितली आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही चाकं सव्वीसची. फ्रेम इतकी बुटकी की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतात. पुढचा चिमटा साधा, ताठ, शॉकअप नाही. टायर बारीक, हवा दगडासारखी भरलेली. पायडलं काढून ठेवलेली. मी सांगितलं की हे चाक प्रत्येक खड्याला अडेल, हा चिमटा प्रत्येक धक्का थेट मनगटात पाठवेल.

"पाठवू दे. तेच हवंय मला," ती म्हणाली.

मी जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई. चूक, धक्का, दुरुस्ती, हे मीच वर लिहिलं आहे. तरी तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मला उमगलं नव्हतं की ज्याचे धक्के काढून घेतलेत त्याला सगळ्यात जास्त धक्के देणारी सायकल लागते.

पावसाळाभर ती गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात पायांनी जमीन ढकलत बसली. पहिलीची पोरं तिच्या शेजारून सायकली पळवत जात आणि तिला वाट द्यायला सांगत. सगुणा मागून सीट धरायची आणि न चुकता सुनवायची. देशात पहिली आली म्हणं, आमच्या वाड्यातली शेरडं बरी चालत्यात. ओजू हसायची आणि पडायची. कितीतरी वेळा पडली. मी खांबाआडून बघायचे ते एकाच गोष्टीसाठी. एका सकाळी ती उजवीकडे पडली आणि तिचा हात पुढे गेला. तळहात सोलून निघाला. सगुणा आनंदाने ओरडली, मी एका रिकाम्या वर्गात जाऊन दार लावून रडले.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते.

सहजगतीवर चौकशी बसली. सगुणा, मी, ती डॉक्टरीणबाई, आम्ही सगळ्यांनी जाऊन सांगितलं. चौकशीने ठरवलं की सूचना दिलेली होती, घरच्यांनी पाळली नाही. सूचना काढून कुणी टाकली हा प्रश्न विचारला गेला नाही. मी उभी राहून विचारला तर मला बसायला सांगितलं. कंपनीने सायकली बंद केल्या, कारण त्याहून मोठं गिऱ्हाईक सापडलं. आता तो पट्टा आणि ते बूट म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतात, पडू नये म्हणून. ज्यांना अर्धांगवायू झाला त्यांना त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण माझ्या वयाची धडधाकट माणसंही ते घालून देवळात जातात आणि काढले की अंथरुणाला धरून बसतात. मलाही डॉक्टरांनी लिहून दिले होते. मी तो कागद त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. गेल्या हिवाळ्यात दोनदा पडले. दोन्ही वेळा हात पुढे गेला.

केळुसकरने नोकरी सोडली. सावंतवाडीकडे कुठे आंब्यांचं काम बघतो असं कळलं. चौकशीच्या वेळी तो आला नव्हता. मऊ बोलणारी माणसं अशा वेळी कुठे जातात हे मला आता कळलं आहे.

धीरू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. ओजूशी बोलायचा, पण सायकलीबद्दल नाही. वारला तेव्हा त्याच्या कपाटात कंपनीने दिलेली शर्यतीची सगळी कापडं घडी घालून ठेवलेली सापडली, खाली-वर डांबराच्या गोळ्या. तो वाईट बाप नव्हता. त्याने वस्तादावर विश्वास ठेवला. वस्ताद माणूस असता तर पोरगी पायऱ्या कशी उतरते ते त्यालाही दिसलं असतं.

सगुणा झोरे त्या स्टीलच्या सायकलवर राज्यात पहिली आली, पुढे देशात दुसरी. जत्रा कमिटीवर आता ती आहे, आणि पालटातून सूट कुणालाही नाही.

ओजू धनगरवाड्याच्या शाळेत शिकवते. सव्वीस इंची सायकलवर जाते-येते. सपाटीवर, मुरमावर, मोठ्या वळणावर तिला बघाल तर काही कळणार नाही. पण उतरणीवर जिथे कातळातल्या पायऱ्या सुरू होतात, जिथे एके काळी ती ब्रेकला बोट न लावता जायची, तिथे ती थांबते. सायकल खांद्यावर घेते, मोकळ्या हाताने कारवीला धरते, आणि एकेक पायरी बघून उतरते. वरून येणारी पोरंपोरी तिला ओलांडून भरारा खाली जातात. ती कडेला सरकून त्यांना वाट देते. खाली पोचली की वर बघून मला हात करते, आली म्हणून. मीही हात करते. आणि प्रत्येक वेळी मला कंपनीच्या त्या खोलीत बसलेल्या माणसांची नावं विचारावीशी वाटतात, ज्यांनी पट्टा करू म्हणून ठरवलं आणि मग बहुधा चहा मागवला.